पोकळीची पकड

कायतान तारवटी होता, आता निवृत्त.
कुंकळ्ळीत घराच्या पडवीतच लेथ.
फेसप्लेटचे चार स्क्रू काढले
तर फणसाच्या वाडग्याच्या बुडाला चार भोकं.
"हीच तासायची," म्हणाला,
आणि वाडगा पालथा टेकवला रबरी कडेवर.

जुन्या फ्रीजचा कंप्रेसर गुरगुरला.
काटा दहावर अडला.
कुठेतरी बारीक शीळ:
भुंगेऱ्याचं छिद्र, सुईएवढं.
त्यावर मेण. काटा वीसवर.
ना स्क्रू, ना जबडा;
आत काहीच नाही, तेवढ्यानं धरलेलं.

पिवळा भुसा माझ्या चष्म्यावर.
तीन भोकं गेली. चौथं जरा खोल.

तेवढ्यात वीज गेली.
लेथ अजून गरगरत, कंप्रेसर गप्प.
कायतानने पटाशी टाकली,
दोन्ही तळवे पुढे केले.
हवा आत शिरल्याचा सुस्कारा,
आणि वाडगा, कोमट, त्याच्या हातात.

"बोटीवर दुसरा जनरेटर असायचा," एवढंच बोलला.
चौथ्या भोकावर अंगठा ठेवून
बसून राहिला.