गाळणकागदावर उरलं ते

वेंगुर्ल्याच्या कॉलेजात
रसायनाची खोली आणि जीवशास्त्राची खोली
एकाच भिंतीला पाठ लावून बसलेल्या.
मधल्या दारासमोर कपाट.
किल्ली म्हणे जुन्या प्राचार्यांबरोबर गेली.

गुरुवार, पहिल्या वर्षाची बॅच.
संगमरवराचा चुरा संपलेला.
दर्पणा मेथरने डब्यातून काढली:
"सर, शिंपी हाडलंय. चलात मां?"

चालेल. चुना तो चुना.
तोलून, मोजलेल्या आम्लात अख्खी सोडली,
तासभर फसफसत राहिली.
गाळली. ब्युरेट भरली.
दर्शकाची बाटली कोरडी, म्हणून
आगळाचे चार थेंब: लाल,
मग जांभळट,
मग एका थेंबासरशी शेवाळी हिरवं.
शहाण्णव टक्के, मी फळ्यावर लिहिलं.

"आणि चार?"

कागदावर तपकिरी पापुद्रा होता,
कांद्याच्या सालीहून पातळ,
शिंपीचाच आकार धरून बसलेला.
"अशुद्धी," मी म्हणालो,
वीस वर्षं म्हणतोय तसा.

"पण सर, चुना ह्याच्याच आडोशाने बसत गेला ना?
आणि खाडीच्या पाण्यातून
तो वेचून आणला कुणी?"

ब्युरेट थेंब थेंब गळत होती.
मी तोटी बंद केली.

कपाट सरकवायला सहा पोरं लागली.
मागे वाळलेली पाल, १९९४ची प्रश्नपत्रिका,
आणि दाराला नुसती कडी.
कुलूप नव्हतंच.

पलीकडे डिसोजा बाई
खेकड्याच्या आकृत्यांवर सह्या करत होत्या.
मी ओला कागद तळहातावर धरून पुढे केला.
"बाई, ह्याला
तुमच्याकडे काय म्हणतात?"