दोन तिकिटं

त्या देशाचं नाव सांगत नाही.
नकाशा कुणी छापलाय
त्यावर ते सापडणं अवलंबून आहे.

अण्णांच्या हातात भिंग, टेबलावर पाकीट,
पाकिटावर तिथली विधानसभा:
सतरा खिडक्या, पुढे एक सुरूचं झाड,
आणि झेंड्याचा लाल रंग
झेंड्याबाहेर सांडलेला, केसभर.
"रजिस्टर चुकलंय," अण्णा म्हणाले,
"आमच्याकडे अख्खी शीट बाद झाली असती."
निवृत्ती गांगुर्डे, तपासनीस, नाशिक रोड प्रेस,
एकतीस वर्षं भोंग्याला आत, भोंग्याला बाहेर,
गेटवर खिसे उलटे करून दाखवलेले.
देश कागदावर कसा बसतो
हे त्यांना तिकिटाच्या कडेचे दात
मोजून मोजून ठाऊक.

शेजारी दुसरं तिकीट, शेजारच्या देशाचं.
पहिलं मानासाठी,
दुसरं पोचण्यासाठी.
सीमेपलीकडे पहिल्याकडे कुणी बघत नाही.

पत्र लिहिणारा त्या सभागृहात कारकून,
कामकाज टिपणारा. त्यालाही तिकिटांचा नाद.
अण्णा डिक्शनरी घेऊन बसायचे:
आज तेहतीसपैकी अठ्ठावीस हजर.
बसस्टँडवरच्या कुत्र्यांवर दोन तास चर्चा.
शाळेच्या दुधाचा ठराव एका मतानं पडला,
पाडणाऱ्यालाच मग रडू आलं.
हीटर बंद, सगळे कोट घालून बसलेले.
आम्हाला आता पाच देश मानतात.
मागच्या महिन्यात सहा होते.

अण्णांनी उत्तर लिहिलं:
कुत्रे जेल रोडलाही फार झालेत.

त्याच वर्षी मी शरणपूरच्या रूबेन साळवेशी
नोंदणी पद्धतीनं लग्न केलं.
मावशीनं मान्यता दिली, फोनवर, हळू आवाजात.
काकांनी रोखून धरली.
आत्यानं दिली आणि दिवाळीला परत घेतली,
फराळाच्या डब्यासकट.
अण्णा तटस्थ.
हो नाही, नाही नाही. सभात्याग.

आमच्या दोन खोल्यांत कामकाज चालूच होतं.
गॅस कुणी बुक करायचा,
नाताळच्या जेवणात पुरणपोळी चालेल का,
देव्हारा असावा का, आणि कुठल्या भिंतीला.
मतं एक विरुद्ध एक,
निर्णायक मत कुकरच्या शिट्टीचं.
बाहेर कुणाच्या गावीही नव्हतं
की इथे ठराव होतात, फ्रिजवर चिकटवले जातात,
पाळलेही जातात, बहुतेक.

दोन वर्षांनी पोस्टमन आला.
नाशिक रोड ते शरणपूर, नऊ किलोमीटर,
अण्णांचं अक्षर, तिरकं, एकसारखं.
आत चार ओळी:
तिकडे नळाला पाणी किती वाजता येतं?
जावईबापूंना तिकिटांचा नाद आहे का?
तो कारकून गेला, त्याच्या मुलीनं कळवलं.
अधिवेशन मात्र ठरल्या दिवशी भरलं.

पाकीट पुन्हा उलटून पाहिलं.
डावीकडे पाच रुपयांचं आपलं, पोचण्यासाठी.
उजवीकडे एक कोरं,
अल्बममधून चिमट्यानं काढलेलं,
सतरा खिडक्या, सांडलेला लाल.

नाशिक रोड पोस्टाचा शिक्का
घाईत मारलेला, शाई जास्त,
दोन्हींवर अर्धा अर्धा.