वरचा थर

गावामागच्या टेकाडाला आम्ही पांढरी म्हणतो.
ज्या साली शेणखत पुरायचं नाही
त्या साली हिची माती बंड्यांनी शेतात जायची,
खापऱ्या बांधावर पडायच्या,
पोरं लगोरी रचायची त्यांची.
मग नागपूरहून जीप आली,
दोऱ्या ताणून टेकाडाचे चौकोन झाले
आणि खापरीला नंबर आला.

मला काम मिळालं धुण्याचं.
घमेलं, दात घासायचा जुना ब्रश,
वाळल्या की नेलपॉलिशचा एक ठिपका,
ठिपक्यावर काळ्या शाईने आकडे, मुंगीएवढे.
आयुष्यातलं माझं पहिलं नेलपॉलिश
असं दोन हजार वर्षांच्या मडक्यांना लागलं.

बाबा दुपारी डबा घेऊन यायचा.
निखाडे मॅडम एक खापरी फिरवत बसलेल्या,
तोंड काळं, पोट लाल.
हे कसं साधलं, यावर पुस्तकांत तीन मतं आहेत म्हणाल्या.
बाबाने नखाने टिचकी मारली.
"पालथं घालून भाजलं हे.
आत कोंडा भरला, धूर आतच घुसमटला.
माह्या बापानं एकदा केलं होतं असं, चुकून.
लय मार खाल्ला."
मॅडमनी वही काढली.
चुकून हा शब्द त्यांनी लिहिला की नाही
मला दिसलं नाही.

मग रोज जेवणानंतर एकेक तुकडा पुढे यायचा.
जाड कानाचा, रोमकडचा,
दारू यायची त्यातून, समुद्रावरून, पुढे बैलांच्या पाठीवर.
"म्हंजे त्याईचा पव्वा," बाबा म्हणाला.
तपकिरी, चकाकता, तो मर्तबान.
मर्तबान म्हणजे बरणी, एवढं मला ठाऊक;
ते ब्रह्मदेशातलं बंदर, हे नव्हतं.
एक अख्खं गाव आमच्या लोणच्यात मुरत होतं.

शेवटी एक पांढरा, निळ्या वेलीचा,
नखाएवढा,
उन्हात धरला तर मागच्या बोटाची सावली दिसावी असा.
बाबाने तो जिभेला लावला.
कुंभार मातीला असंच विचारतो:
आपली भाजलेली माती जीभ धरून ठेवते
तहानल्या वासरासारखी.
हिने धरली नाही.
त्याने पुन्हा लावून पाहिली.
"पाणी पेत नाही हे,"
आजारी जनावराबद्दल सांगावं तसा म्हणाला.

मॅडम सांगत होत्या,
या चिनी मातीपायी राजे वेडे झाले,
तिकडे युरोपात एकाला कोंडून ठेवलं
हिचं गुपित शोधून दे म्हणून.
"अन् पाणी थंडं राह्यते का याच्यात?"
"नाही."
"मंग काऊन कोंडलं बिचाऱ्याले?"

सत्तेचाळीस अंश होते त्या दिवशी.
तंबूत तिवईवर आमच्या घरचा माठ घाम गाळत होता,
खाली वाळूत ओला गोल.
सगळे त्यातूनच प्यायले.
त्याची नोंद कुठे नव्हती.

वरच्या थराची नसतेच.
वीतभर खोल, अलीकडचं, टाकून द्या,
खड्ड्यापलीकडे ढीग पडलेला.
डबा घेऊन परतताना बाबा तिथे वाकला.
एक काठ उचलला, अंगठा फिरवला.
काठाखाली तीन टिंबं, बाभळीच्या काट्याची.
आई टोचायची ती,
बाजारात आपलं मडकं आपल्याला ओळखू यावं म्हणून.
काही बोलला नाही.
होतं तिथे ठेवलं, हात धोतराला पुसले, गेला.

संध्याकाळी मी ते घमेल्यात घेतलं.
टिंबांतली माती ब्रशने निघेना, काडीने काढली.
कोणी बघत नाही पाहून
जिभेला लावलं.
सोडवेना.

मग ठिपका, मग आकडे, अकराशे सत्त्याऐंशी.
रजिस्टरात खोली: वीतभर.
थर: वरचा.
काळ या रकान्यात थोडी अडले,
आणि लिहिलं, मंगळवारचा बाजार.

मॅडमनी ओळ खोडली नाही.
शेजारी पेन्सिलने
एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं.