फेरपडताळणी

दांडिया बझारात माझं दुकान. वजनकाटे नीट करतो.
पितळी वजनं आता कोण आणतं म्हणा,
भंगारवाल्यांचे नि भाजीवाल्यांचे विजेचे काटे येतात,
पण एकदा नीट केला की काम संपलं, हा समज काही जात नाही.
दर वर्षी न्यावा लागतो, तपासून शिक्का आणावा लागतो.
कोपऱ्यात कापडाखाली ठेवलेला काटासुद्धा
आपोआप ढळतो.

निकुंज पंधराचा होता.
पोटल्या पोचवायचा, विश्वामित्रीच्या काठाकाठानं,
जिथं मगरींच्या भीतीनं पोलीस उतरत नाहीत.
मगरींना त्यानं नावं ठेवली होती.
सापडला तेव्हा दप्तरात बावीस पोटल्या
आणि सातवीचं भूगोलाचं पुस्तक, भिजलेलं.

निरीक्षणगृहाच्या कालिंदीताई
स्वयंपाकघरातला काटा घेऊन आल्या होत्या.
‘तांबटकाका, एक पोरगा आहे. कामाला ठेवाल?’
मी विचारलं, किती दिवस?
‘दिवस मोजणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत,’ म्हणाल्या,
आणि काट्याचे पैसे देऊन गेल्या.

पहिल्या महिन्यात अर्ध्या किलोचं वजन गेलं.
दुसऱ्यात गल्ला.
तिसऱ्यात तो.

मग मंगळवार सुरू झाले.
दुकान त्या दिवशी बंद असतं, एवढंच कारण.
आधी निरीक्षणगृह, मग त्याची मावशी, तरसालीकडची,
मग तिनंही दार लावून घेतलं तेव्हा
पुलाखाली, जिथं तो असेल असं कुणीतरी म्हणायचं.
बोलायला काही नसायचं. डब्यात सुखडी असायची.
बायको म्हणाली, अहो, पुरे आता.
पुढं तीच बांधून द्यायला लागली,
रागानं, तूप आखडून.

दुसऱ्यांदा आत गेला, चाकूच्या भानगडीत.
तेव्हा तो भेटायलाच येईना.
चौकीदार येऊन सांगायचा, ‘नथी आवतो, काका.’
डबा त्याच्या हातात द्यायचा, बाकावर थोडं बसायचं,
लिंबाच्या सावलीनं माझा जोडा गाठला की निघायचं.
असे सात मंगळवार.
आठव्याला डबा परत आला तो घासलेला.
आतल्या कडेची चिकट रेघसुद्धा गेलेली.
चौकीदार काही डबे घासत नाहीत.

वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं.
वजन झिजून हलकं झालं तर थोडं शिसं ठोकून भरायचं,
जड झालं तर खरवडायचं.
हे मी त्याला एकोणिसाव्या वर्षी शिकवलं.
म्हणाला, ‘म्हणजे फेकत नाही?’
म्हटलं, पितळ आहे रे. फेकतं का कुणी पितळ?
तो बराच वेळ ते भोक बघत राहिला,
मग चहा आणायला गेला तो रात्री आला.
मी शटर अर्धं ठेवलं होतं.
चहा गार होता. दोन्ही पेले होते.

अकरा वर्षं झाली.
मधली सगळी काही सांगण्यासारखी नाहीत.
दोनदा तो पुन्हा प्यायला, एकदा मीच त्याला हाकललं
आणि पुढच्या मंगळवारी
मलाच त्याच्या खोलीचा जिना चढावा लागला,
गुडघे धरून, डबा दातांत धरल्यासारखा.

आता मकरपुऱ्याला ट्रकांच्या वजनकाट्यावर असतो. रात्रपाळी.
काल दीड वाजता फोन आला.
‘काका, काय करताय?’
झोपलो होतो.
‘बरं.’
मागं ट्रकचं इंजिन, कुणीतरी घाई करतंय.
‘एक जण टेबलावर नोटा ठेवून गेलाय.
चार टन कमी लिहायचंय.’
मी ऐकत राहिलो. तोही ऐकत राहिला.
कायद्यानं काट्याला थोडी चूक माफ असते,
किती ते छापलेलं असतं,
माझ्या भिंतीवर तो तक्ता आहे, त्यानंच चिकटवलेला.
सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.
‘ठेवतो,’ म्हणाला. काय ठेवतो, फोन की नोटा,
ते मी विचारलं नाही.

आज सोमवार.
बायको गूळ किसते आहे.
तूप, बघतो तर, सढळ.