बैठक

निरोप-समारंभात मिळालं हे पेन.
काळं, सोन्याच्या निबेचं, पोटाशी जरा सुटलेलं.
किंमत कुणी सांगितली नाही,
पाटकरांनी डबी उघडताना आवाज खाली घेतला,
त्यावरून कळली.

एकतीस वर्षं बेलापूरच्या पाचव्या मजल्यावर
मी सह्या केल्या आठ रुपयांच्या बॉलपेननं.
ते टेबलाला दोऱ्यानं बांधलेलं असायचं,
दोरा उजवीकडे, मी डावखुरी,
दर सहीला ओढून आणायचं
हट्टी वासरासारखं.

आता हे ठेवायचं कुठे?
मगात ठेवावं तर शेजारी कात्री नि उदबत्तीचा पुडा.
आडवं ठेवावं तर घरंगळतं.
डबीतच राहू दे, मुलगा म्हणाला.
डबीत ठेवायला ते काय मंगळसूत्र आहे?

वाशीत निमेश छेडांनी काचेवर मखमल अंथरली
आणि होल्डर मांडत गेले:
संगमरवरी, आत एक ढग अडकलेला.
पितळी, जो समोर असला की
माणसाला शिक्षा सुनावावीशी वाटेल.
एक पारदर्शक, त्यात पेन हवेत तरंगतं,
किमतीसारखंच.
"निब वर ठेवली तर शाई खाली उतरते, मॅडम,
सकाळी पहिलं अक्षर उमटत नाही.
निब खाली ठेवली तर टोपणात जमते."
म्हणजे कसंही ठेवा, बोल लागणारच.

सगळ्यांची मान उजवीकडे कललेली.
एकेक फिरवून पाहिला.
फिरवला की कंपनीचं नाव भिंतीकडे तोंड करी,
रुसल्यासारखं.
"डाव्या हातासाठी?" मी विचारलं.
छेडांनी कॅटलॉग चाळला,
भिवंडीच्या गोदामात फोन लावला,
मग माझ्यासाठी चहा मागवला.
चहा आला तेव्हा समजलं, नाही.

तुर्भ्याच्या सर्व्हिस रोडला तिम्मव्वा बसते,
पाटे, वरवंटे, एक अर्धा नंदी.
तिच्या पाठीमागे डोंगर, तोही अर्धाच.
उरलेल्याचं शहर झालं,
माझा पाचवा मजलाही त्यातलाच असणार.

मी डबी उघडली.
तिनं आधी बोटं पदराला पुसली,
मग पेन घेऊन तळव्यावर तोललं.
"पोटात काय?"
"शाई."
"सपली म्हंजी?"
"परत भरायची."
"मंग बरं हाय," ती म्हणाली,
कामाला लागलेल्या पोराबद्दल म्हणावं तसं.

आणि मग,
"कुठल्या हाताची तू?"

शाळेत बाईंनी विचारलं नव्हतं,
पट्टीनं सांगितलं होतं.
सासरी वाढताना तर सगळेच सांगत.
मी हात पुढे केला.
तिनं तो उलटा केला,
करंगळीखालची निळी कड अंगठ्यानं घासून पाहिली.
लिहिलेलं पुसत पुसतच पुढे जावं लागतं आम्हाला,
ती कड आता जात नाही.
"छिन्नी देताना आदी ह्येच इचारायचं," ती म्हणाली,
"न्हाईतर कपरी दुसऱ्याच्या डोळ्यात."

चार दिवसांनी गेले.
साबणाच्या वडीहून थोडा मोठा काळा कातळ,
वरून घासलेला, एक बाजू मुद्दाम खडबडीत.
भोक डावीकडे कलतं,
आत लुगड्याची चिंधी, सोनं खरचटू नये म्हणून.
पाचशे दिले.
तिनं दोनशे परत केले, मोजून, दोनदा.

दगड अजून बारीक भुकटी सोडतो.
पाट्यासारखं त्याच्यावर एकदा तांदूळ वाटून टाक,
मुलगा म्हणतो, हसतो.
छेडांचंही खरं ठरलं,
सकाळी पहिलं अक्षर येत नाही.
चिठ्ठीवर दोनदा कोरडं ओढलं,
तिसऱ्यांदा उमटलं:
दूध, दोन पिशव्या.
वाळायच्या आत हात फिरला,
दोनचा आकडा तळव्यावर आला.
दूधवाल्यानं काय वाचलं कोण जाणे,
आज तीन ठेवून गेला.