मार्चु

हविनाळे सर इतिहास शिकवताना
फळ्याला पाठ टेकवून मरायचे.
दर गुरुवारी एक मरण,
कधी तोफेच्या तोंडी, कधी फासाखाली,
आणि शेवटचं वाक्य असं खणखणीत
की मागच्या बाकावर मीही ताठ बसायचो.

आता सिव्हिलमध्ये रात्रपाळी, वॉर्ड नंबर सात.
सर, इथं कुणी वाक्य पुरं करत नाही.
पाणी म्हणतात. अव्वा म्हणतात, अम्मी.
एकानं विचारलं, माझी चप्पल कुठाय?
एक म्हातारी कन्नडमध्ये कुणाला तरी शिवी देऊन हसली,
तशीच राहिली.

साखर पेठेतले लक्ष्मीनर्सू येमूल
पहाटे साडेतीनला उठून बसले.
सलाईनची नळी ताणली, हात वर,
ओरडले: "कंडे! मार्चु!"
माझ्या अंगावर काटा.
वाटलं, फौजेला हुकूम देताहेत,
सरांना कळवावं, एक सापडला.

राजव्वा डबा घेऊन आली तेव्हा उजाडलं होतं.
मी सावधान उभं राहून सांगितलं,
मावशी, शेवटी मार्च म्हणाले.
तिनं मला दोनदा म्हणायला लावलं.

"मार्च न्हाई रे. कंडे मार्चु.
कांडी बदल म्हनले.
धोट्यातलं सूत सरलं की मला हाक मारायचे.
चाळीस वर्षं. नाव कधी घेतलं न्हाई,
हेच."

बोलता बोलता तिचा उजवा हात
खाटेखाली गेला,
तिथं टोपली असल्यागत
चाचपत राहिला.