उंची

मेर्ली, हातमोजे घाल, माझ्या डावीकडे उभी राहा.
ही टेबलावरची पट्टी. चाळीस, पन्नास, साठ.
आकडे पुसट झालेत, नव्वदचा तर दिसतच नाही,
तो मला पाठ आहे.
देठाचं बूड शून्याला टेकव. आता वर बघ,
कळीचा तळ कुठल्या रेघेशी आला?
छप्पन्न? मग पन्नासात टाक.
वरचे सहा इथे कुणी धरत नाही,
फुलाचे नाही, आपलेही नाहीत.

नव्वदचे मॉस्कोला जातात.
मोजून विषम. जोडीत दिले तर मयताचे, म्हणतात.
साठचे मायामीला, तिथून लग्नाच्या टेबलांवर.
चाळीस कुठेही. बादलीत, पेट्रोलपंपावर,
घाईतल्या माणसाच्या काखेत.

लांबी म्हणजे दिवस, एवढं ध्यानात ठेव.
कायाम्बेची थंडी झाडाला घाई करू देत नाही,
म्हणून आपला देठ लांब आणि डोकं मुठीएवढं.
पण जाडीही चाचप.
पेन्सिलीहून बारीक असेल तर
नव्वदचा असो की शंभराचा,
तिसऱ्या दिवशी मान टाकतो.

सेगुंदो इम्बाकिंगो, पॅकिंगचा सुपरवायझर, तोच तो,
लग्नाच्या वाढदिवसाला पंचवीस घेऊन गेला, नव्वदचे, पगारातून कापून.
घरी फुलदाणी कुठली? रसाचा जग होता.
बायकोने विळीसारखी सुरी घेतली
आणि वीतभर ठेवून बाकीचं सशांना टाकलं.
सशांनीही काटे बघून तोंड फिरवलं.
आठवडाभर तो कुणाशी बोलला नाही.
म्हणून सांगते, कुणी विचारलं किती लांब घेऊ,
तर आधी विचार, ठेवणार कशात?
भांड्याच्या दीडपट, आणि दोन बोटं
रोज खालून कापायला. बस.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी, दोन नोव्हेंबरला,
मी ऐंशीचे मागून घेतले.
माझी आई भिंतीत आहे, तिसऱ्या ओळीत,
सिमेंटची खोबण, आत दूध-पावडरीचा डबा.
फुलं आत शिरली आणि छताला लागून वाकली.
इतकी उंची फुलं, आणि सगळ्यांच्या माना खाली,
जणू मालकासमोर उभी.
मी शेजारच्या खोबणीतल्या म्हाताऱ्याची माफी मागितली,
कारण पाकळ्या त्याच्याही दारात पडल्या.
माझ्याकडे सुरी नव्हती. दातांनी देठ तोडणार होते.

आता फाटकाबाहेरच्या बाईकडून घेते,
आपण नाकारलेले, ‘नासिओनाल’,
डॉलरला पंचवीस, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
गेल्या साली त्यात एक ओळखीचा निघाला.
मान जराशी डावीकडे, तिसऱ्या पानाखाली खरचटलेला.
गुरुवारी मीच त्याला बाजूला सारलं होतं,
चाळिसालाही चार कमी म्हणून.
तिला सांगितलं नाही. पैसे दिले.

तो डब्यात नीट बसला.
मान डावीकडे होती, म्हणजे रस्त्याकडे,
आई जिथून मला कामावरून येताना बघायची.
बाकीचे चोवीस कसे उभे होते, आठवत नाही.

हातमोजा काढ जरा. बोटं ताण.
माझी वीत अठरा. दोन विती आणि अंगठा, झाले चाळीस.
तुझी मोठी दिसते, वीस तरी असेल.
मोजून ठेव कुठेतरी.
पट्टी मालकाची आहे.

घाल मोजा. सेगुंदो येतोय.
हा किती? नीट टेकव.
बावन्न.